देशातर्फे कोण?

परवा रात्री भाच्याचा फोन आला. तो स्टॉकहोमला असतो. खुशाली, थंडी, आईचा गुडघा वगैरे झाल्यावर म्हणाला, "मामा, इकडे सध्या शनिवारी कुणाला फोन करायची सोय नाही. सगळे टीव्हीसमोर." विचारलं, क्रिकेट तर नसेल, मग काय? तर म्हणे गाण्याची स्पर्धा. युरोव्हिजनला स्वीडनचं गाणं कुठलं जायचं ते ठरवणारी. सहा शनिवार चालते. काही गुण परीक्षकांचे, काही घरबसल्या मत देणाऱ्यांचे. १९७४ साली अ‍ॅबा ह्याच चाळणीतून बाहेर पडले आणि पुढे युरोव्हिजनही जिंकले. इटलीची तऱ्हा वेगळी. त्यांचा सानरेमोचा जुना गीतमहोत्सव आहे, तिथे जो जिंकेल त्याला आधी विचारायचं.

मग त्याने विचारलं, "आपल्याकडे असं काही असतं का? कोण ठरवतं?"

गाण्याचं काही सांगता येईना. पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की आपल्याकडेही 'देशातर्फे एकच' हा प्रकार आहे, आणि त्यावरून दरवर्षी भांडणंही होतात. गाण्याऐवजी सिनेमा, एवढाच फरक. ऑस्करला परभाषेतल्या चित्रपटांचं पारितोषिक आहे ना, ते. गंमत म्हणजे दोन्हींची सुरुवात एकाच वर्षाची. पहिली युरोव्हिजन १९५६ साली स्वित्झर्लंडमध्ये लुगानोला झाली, आणि परभाषेतल्या चित्रपटांची खरीखुरी स्पर्धा ऑस्करने सुरू केली तीही १९५६ च्या चित्रपटांपासून. पुढच्याच वर्षी आपण 'मदर इंडिया' पाठवला. त्याला नामांकन मिळालं, बक्षीस गेलं इटलीच्या फेलिनीला.

आपल्याकडे हे ठरवते फिल्म फेडरेशन ऑफ इंडिया. मुंबईची संस्था, १९५१ सालची. चित्रपट धंद्यातल्या संघटनांची ही शिखरसंस्था, सरकारी खातं नव्हे. ती दरवर्षी एक समिती नेमते. निर्माते आपापले चित्रपट देतात, समिती ते बघते आणि एक नाव जाहीर करते. झालं. तुम्हाआम्हाला कुणी विचारत नाही. आणि तरीही जाहीर झालेला चित्रपट 'भारताचा'!

मराठी माणसाला हे सगळं पहिल्यांदा जवळून कळलं २००४ साली. २००३ मध्ये भारताने एकही चित्रपट पाठवला नव्हता. त्यानंतर आला संदीप सावंतांचा 'श्वास'. कोकणातला आजोबा, डोळ्यांच्या कर्करोगाने आजारी नातू, आणि नातू वाचवायचा तर त्याची दृष्टी जाणार एवढीच गोष्ट. आजोबा अरुण नलावडे, नातू अश्विन चितळे. त्या वर्षी सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक त्याला मिळालं. मराठीला ते त्याआधी मिळालं होतं आचार्य अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला, म्हणजे जवळपास ५० वर्षांपूर्वी. पाठोपाठ बातमी आली की ऑस्करलाही 'श्वास'च जाणार.

आणि मग कळलं की नुसतं 'पाठवून' भागत नाही. लॉस एंजेलिसला खेळ लावायचे, जाहिराती द्यायच्या, मतदारांनी चित्रपट बघावा म्हणून माणसं लावायची. 'श्वास'वाल्यांकडे एवढे पैसे कुठून असणार? मग वर्गणी सुरू झाली. शाळेतल्या मुलांपासून राज्य सरकारपर्यंत लोकांनी पैसे दिले. आमच्या ऑफिसातही एक डबा फिरला होता. मी त्यात १०० रुपये टाकले, आणि खरं सांगतो, तोवर मी चित्रपट पाहिलेलाही नव्हता. 'आपला' आहे एवढं पुरेसं होतं. नामांकन मिळालं नाही तेव्हा घरातलंच कुणी नापास झाल्यासारखं वाटलं.

आज त्या १०० रुपयांचा विचार करतो तेव्हा जाणवतं की आम्हाला निवडीत मत नव्हतं, पण निवड झाल्यावर ती आम्ही आपली मानली. स्वीडनमध्ये आधी मत देतात, मग ते गाणं आपलं होतं. आपल्याकडे क्रम उलटा.

पुढे २००९ मध्ये परेश मोकाशींचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' गेला. दादासाहेब फाळक्यांनी १९१३ चा 'राजा हरिश्चंद्र' कसा बनवला त्याची हसतखेळत सांगितलेली गोष्ट. मग २०१५ मध्ये चैतन्य ताम्हाणेचा 'कोर्ट'. त्याच्या मुळाशी तर गाणंच आहे! एका म्हाताऱ्या लोकशाहिरावर खटला चालतो, का, तर त्याचं गाणं ऐकून गटार साफ करणाऱ्या एका कामगाराने जीव दिला म्हणे. शाहिराचं काम नागपूरचे वीरा साथीदार यांनी केलं होतं. २०२१ मध्ये करोनाने ते गेले. 'कोर्ट'ने २०१४ मध्ये व्हेनिसला बक्षीस घेतलं होतं, राष्ट्रीय पारितोषिकही मिळवलं होतं. तरी निवड शांतपणे झाली नाही. समितीचे अध्यक्ष होते अमोल पालेकर. त्यांच्याशी मतभेद झाल्याचं सांगून राहुल रवैल यांनी समितीचा राजीनामा दिला. ह्या दोन्ही मराठी चित्रपटांनाही नामांकन मिळालं नाही.

भांडणं काही मराठीपुरती नाहीत. २००७ मध्ये 'एकलव्य'ची निवड झाली तर 'धर्म'च्या दिग्दर्शिका भावना तलवार थेट मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. २०१३ मध्ये 'द लंचबॉक्स' मागे ठेवून गुजराती 'द गुड रोड' पाठवला. २०२२ मध्ये 'आरआरआर' मागे ठेवून 'छेल्लो शो'. तो निदान शेवटच्या १५ मध्ये पोचला. आणि 'आरआरआर'मधलं 'नाटू नाटू' मार्च २०२३ मध्ये सर्वोत्कृष्ट गाण्याचं ऑस्कर घेऊन आलं, कारण गाण्याच्या विभागात देशाने पाठवण्याची भानगडच नाही. म्हणजे देशाने न पाठवलेल्या चित्रपटाचं गाणं जिंकलं, आणि देशानेच ते साजरं केलं!

२०२४ चं प्रकरण तर ताजंच आहे. आपल्या पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये शिकलेल्या पायल कपाडियाच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला कानला ग्रां प्री मिळालं. पण जानू बरुआंच्या अध्यक्षतेखालच्या १३ जणांच्या समितीने निवडला 'लापता लेडीज'. त्याबरोबर कारण देणारं टिपणही प्रसिद्ध केलं, आणि त्यातल्या भारतीय स्त्रियांबद्दलच्या वाक्यावरून आणखी टीका ओढवून घेतली. 'लापता लेडीज' शेवटच्या १५ मध्ये आला नाही. त्या १५ मध्ये एक हिंदी चित्रपट मात्र होता, 'संतोष'. तो पाठवला होता ब्रिटनने!

हे वाचून कुणालाही वाटेल, काय ही समिती! मलाही वाटायचं. गेल्या गणपतीपर्यंत.

आमच्या वाघोलीत आता सोसायट्या इतक्या झाल्यात की गणपतीत आपसांत स्पर्धा होतात. गेल्या वर्षी समूहगीताची होती. प्रत्येक सोसायटीचा एकच संघ. आमच्याकडे तयार झाले दोन. एक तरुण मुलामुलींचा, हिंदी गाण्यांची मिसळ घेऊन, सोबत कीबोर्ड वगैरे. दुसरा बायकांचा, भारुडाचा. त्यांच्या पुढारी होत्या तिसऱ्या मजल्यावरच्या काकू, वय ७० च्या पुढे. निवडायला तिघांची समिती, आणि त्यातला एक मी.

दोन्ही ऐकली. भारुड ऐकताना माझ्या अंगावर काटा आला. काकूंचा आवाज वर चढताना मधेच फाटला, तरी कुणाला खोकावंसंही वाटलं नाही. पण नंतर आम्ही तिघे बसलो तेव्हा बोललो काय? परीक्षक कोण असतील, त्यांना काय आवडेल, बाकीच्या सोसायट्या काय आणतील. पाचच मिनिटांत मिसळ ठरली. भारुड चांगलं की मिसळ चांगली, हा प्रश्न कुणी काढलाच नाही. मीही नाही.

आमचा नंबर आला नाही. तेही ठीक. पण दोन दिवसांनी काकू लिफ्टमध्ये भेटल्या. म्हणाल्या, "हरलात त्याचं काही नाही हो. हार-जीत असायचीच. पण तुम्हाला स्वतःला कुठलं आवडलं होतं?"

मी खरं ते सांगितलं. "तुमचं."

त्या काही बोलल्या नाहीत. तिसरा मजला आला, उतरल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

तेव्हापासून मला वाटतं की ह्या सगळ्या भांडणांच्या तळाशी दोनच प्रश्न आहेत. 'आपलं चांगलं कुठलं' आणि 'त्यांना आवडेल कुठलं'. दुसरा प्रश्न चुकीचा नाही, स्पर्धेला जायचं तर तो विचारावाच लागतो. पण त्याचं उत्तर खरं म्हणजे कुणालाच माहीत नसतं. मुंबईतल्या १३ जणांना नाही आणि वाघोलीतल्या तिघांनाही नाही. पहिल्याचं उत्तर मात्र आपल्याला आतून माहीत असतं. 'श्वास'च्या वेळी ही दोन्ही उत्तरं एकच आहेत असं आम्हा सगळ्यांना वाटलं होतं. म्हणून तर डब्यात पैसे पडले, आणि म्हणूनच हरल्यावरही तो कुणाला नकोसा झाला नाही.

असो. यंदा समितीत राहायचं कबूल केलंय, पण एका अटीवर. प्रत्येकाने आधी स्वतःला काय आवडलं ते कागदावर लिहायचं, मग चर्चा, आणि निवडीचं कारण नोटीस बोर्डावर लावायचं. टिपणामुळे टीका होते हे २०२४ मध्ये पाहिलंच आहे. होऊ दे. काकूंना निदान लिफ्टमध्ये विचारावं लागणार नाही.

भाच्याला हे सगळं फोनवर कुठे सांगत बसणार? त्याला दुवा पाठवून देतो. आणि बाबा रे, तुझं मत कुठल्या गाण्याला दिलंस ते तेवढं कळव.