सोलापूर : सोळा गावे की सोन्नलगी?

सोलापूर : महाराष्ट्राच्या आग्नेय कडेला, कर्नाटकाच्या सीमेजवळ वसलेले शहर आणि त्याच नावाच्या जिल्ह्याचे मुख्य ठिकाण. पुण्याहून हैदराबादला जाणाऱ्या हमरस्त्यावर व लोहमार्गावर. लोकसंख्या ९,५१,५५८ (२०११). शहरात मराठी, कन्नड, तेलुगू आणि दखनी उर्दू या चारही भाषा रोजच्या व्यवहारात आहेत. नावाच्या उगमाचा निवाडा करतानाही या चारही भाषांची साक्ष काढावी लागते.

गावात कोणालाही विचारले तर उत्तर तयार असते : सोळा खेडी एकत्र आली, म्हणून सोलापूर. खेड्यांची यादीही दिली जाते. तीत आदिलपूर, अहमदपूर, फत्तेपूर, महंमदपूर, खादरपूर, शेखपूर, राणापूर, जामदारवाडी, वैदकवाडी अशी नावे आहेत आणि ती ब्रिटिशकाळापासून छापील वर्णनांत फिरत आली आहेत. पण यादी सावकाश वाचली की घोळ दिसतो. सोळा खेड्यांतल्या एकाचे नाव सोलापूर असेच आहे! सोळा गावांवरून जे नाव पडले असे सांगायचे, ते त्या सोळांतल्या एकाला आधीपासूनच कसे होते, याचे उत्तर ही कथा देत नाही. त्याच यादीत सोनलगी, सोनापूर आणि संदलपूर हीही नावे येतात. त्यांपैकी सोनलगी आणि संदलपूर ही शहराचीच जुनी नावे असल्याचे शिलालेखांवरून दिसते. म्हणजे एकाच गावाची वेगवेगळ्या काळांतली नावे वेगवेगळी खेडी म्हणून मोजली गेली असण्याचा दाट संशय येतो.

शिवाय यादीतली बरीच नावे बहमनी आणि आदिलशाही वळणाची आहेत. राज्य बदलले की खेड्यांची नावेही बदलतात, त्यामुळे एवढ्यावरून कथा पूर्ण खोटी ठरत नाही. यादीचा आजचा साचा मात्र उत्तरकालीन ठरतो.

दुसरी अडचण उच्चाराची. मराठीत आकडा ‘सोळा’ आहे, गाव ‘सोला’पूर. ल आणि ळ यांची गल्लत मराठी कान सहसा करत नाही आणि या गावाला ‘सोळापूर’ कोणी म्हणत नाही. कन्नडमध्ये सोळाला ‘हदिनारु’ म्हणतात, तेलुगूत ‘पदहारु’. तिथूनही काही निघत नाही. उरते दखनी. तिच्यात ‘सोला’ आहे खरे. तेव्हा सोळा खेड्यांचा अर्थ कुठे जुळला असेलच, तर तो दखनी बोलणाऱ्यांच्या कानात, आणि तोही नाव घडून गेल्यानंतर.

शिलालेखांची साक्ष वेगळी आहे. कल्याणीच्या कलचुरींच्या काळातले, म्हणजे बाराव्या शतकातले, सिद्धरामेश्वरांशी संबंधित लेख या गावाला ‘सोन्नलगे’ म्हणतात. बोलण्यात त्याचे सोन्नलगी होई. यादवांच्या अखेरीपर्यंत हेच नाव चालले. मोहोळ तालुक्यातील कामती येथे सापडलेल्या शके १२३८ (इ. स. १३१६) च्या संस्कृत लेखात ते ‘सोनलीपूर’ झालेले दिसते. सोलापूरच्या भुईकोट किल्ल्यातला एक लेख ‘सोनलपूर’ म्हणतो, तर किल्ल्यातल्याच विहिरीवरचा लेख ‘संदलपूर’. पुढे सोनलपूरमधला ‘न’ गळून सोलापूर झाले, असे गॅझेटियरकारांचे अनुमान आहे. त्याला कन्नड उच्चाराचा आधार देता येतो : कन्नडमध्ये या गावाला ‘सोल्लापूर’ म्हणतात, आणि ‘न’पुढे ‘ल’ आला की त्यांचा जोडीने ‘ल्ल’ होणे हा बोलीतला सहज बदल आहे. सोळा खेड्यांच्या कथेत हे द्वित्त कुठून आले याला काही उत्तरच नाही. उपलब्ध पुरावा पाहता कौल सोन्नलगीकडे द्यावा लागतो.

ज्यांच्यामुळे सोन्नलगीचे नाव दगडावर कोरले गेले, ते सिद्धराम बसवेश्वर आणि अल्लमप्रभू यांचे समकालीन. त्यांनी कन्नडमध्ये वचने रचली आणि ‘कपिलसिद्ध मल्लिकार्जुन’ ही मुद्रा वापरली. गावाला पाणी मिळावे म्हणून त्यांनी लोकांकरवी तलाव खोदवला, भोवती ६८ लिंगे स्थापिली. कन्नड वाङ्मयात ते आजही ‘सोन्नलिगे सिद्धराम’ आहेत. गावाचे जुने नाव असे संताला चिकटून टिकले. सोलापूरकरांसाठी मात्र ते ग्रामदैवत सिद्धेश्वर. संक्रांतीच्या सुमारास भरणाऱ्या गड्ड्याच्या यात्रेत उंचच उंच सात नंदीध्वज मिरवत निघतात आणि तलावाकाठी योगदंडाशी कुंभारकन्येच्या विवाहाचा अक्षता सोहळा होतो.

सुलतानी काळात गावाचे मोल किल्ल्यामुळे वाढले. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशाहाचे लग्न इस्माईल आदिलशाहाच्या बहिणीशी झाले, तेव्हा सोलापूर आंदण द्यायचे ठरले होते. विजापूरकरांनी ते दिले नाही आणि त्यापायी दोन्ही घराणी वर्षानुवर्षे लढत राहिली. पुढे चांदबिबीचा विवाह अली आदिलशाहाशी झाला तेव्हा हेच सोलापूर उलट दिशेने, अहमदनगरकडून आंदण म्हणून गेले. एकच गाव दोनदा हुंड्यात मोजले जाण्याचा असा मान दख्खनेत क्वचितच कोणाला मिळाला असेल.

मे १८१८ मध्ये जनरल मन्रोने किल्ला घेतला. इंग्रजी कागदांत गाव ‘शोलापूर’ झाले. हा ‘श’ गिरण्यांच्या पाट्यांवर, शिक्क्यांवर, टपालात दीर्घकाळ राहिला. १८६० मध्ये रेल्वे आली, १८७७ मध्ये ‘जुनी मिल’ सुरू झाली आणि तेलंगणातून आलेल्या पद्मशाली विणकरांनी पूर्वभाग वसवला. चादरीने गावाचे नाव देशभर नेले. सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकनही आहे. मे १९३० मध्ये इथे मार्शल लॉ पुकारला गेला. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. तेव्हापासून हुतात्म्यांची नगरी अशीही शहराची ओळख आहे.

नावावरचा वाद अलीकडे पुन्हा पेटला, तो २००४ मध्ये स्थापन झालेल्या सोलापूर विद्यापीठावरून. एका बाजूने सिद्धेश्वरांचे नाव पुढे आले, दुसऱ्या बाजूने अहिल्यादेवी होळकरांचे. २०१९ पासून ते ‘पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ’ आहे.