‘तृतीय रत्न’ कुठे होते?

मराठी नाटकाचा इतिहास शिकवताना मी बरीच वर्षे फळ्यावर दोनच साले लिहीत आलो. १८४३ : सांगली, विष्णुदास भावे, ‘सीतास्वयंवर’. १८६१ : वि. ज. कीर्तने, ‘थोरले माधवराव पेशवे’, पहिले स्वतंत्र गद्य नाटक. एम. ए.ला मीही हेच पाठ केले होते. या दोहोंच्या मध्ये १८५५ साल येते, आणि त्या सालचे एक नाटक सव्वाशे वर्षे बेपत्ता होते.

ते नाटक म्हणजे जोतीराव फुले यांचे ‘तृतीय रत्न’. गरोदर कुणबी बाईला ग्रहांची भीती घालून जोशी तिचे घर कसे लुबाडतो, हा त्याचा विषय. संस्कृत नाटकातला विदूषक बहुधा ब्राह्मण, राजाचा सोबती. जोतीरावांचा विदूषक जोश्याचीच लबाडी उघडी करतो. शेवटी नवराबायको शाळेची वाट धरतात.

हे नाटक अडवले कोणी? साक्षीदार खुद्द लेखकच आहे. नाटक आपण दक्षिणा प्राईज कमिटीकडे दिले होते, पण भट सभासदांच्या आग्रहापुढे युरोपियन सभासदांचे काही चालले नाही, असे जोतीरावांनी १८७३ च्या ‘गुलामगिरी’त नमूद केले आहे. या कमिटीचा पैसा तरी कुठला? पेशवाईत ब्राह्मणांना वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचाच काही भाग इंग्रजी अमलात ग्रंथांच्या बक्षिसांकडे वळवलेला. रयतेच्या घामावरच्या त्या पैशाला रयतेचे नाटक चालले नाही.

इथवर तपास सोपा आहे. खरे रहस्य पुढेच आहे. नाटक नामंजूर झाले होते, नष्ट झाले नव्हते. १८७३ पासून त्याचा पत्ता छापील स्वरूपात सर्वांसमोर होता. तरी १९६९ च्या समग्र वाङ्मयात ते नाही. हस्तलिखितावरून ते ‘पुरोगामी सत्यशोधक’मध्ये छापले गेले १९७९ साली. मधली १०६ वर्षे त्याचा माग काढण्याची निकड आमच्या वाङ्मयेतिहासाला वाटली नाही. कुणब्याच्या घरातही नाटक घडू शकते, हेच ज्याच्या गावी नाही, तो ते शोधणार कशाला?

पण सगळा दोष इतरांवर टाकून आपण सुटत नाही. नाटक छापून कित्येक वर्षे झाल्यावरही मी फळ्यावर दोनच साले लिहीत होतो. कमिटीने ते एकदा नाकारले, मी दर वर्षी नाकारत होतो. आता मी १८५५ आधी लिहितो, मग बाकीची दोन.