मेंटलायझेशन-आधारित उपचार

स्वतःच्या आणि इतरांच्या वागण्यामागचे विचार, भावना व हेतू ओळखण्याची क्षमता वाढवणारी मानसोपचारपद्धती. अँथनी बेटमन आणि पीटर फोनागी यांनी ती १९९०च्या दशकात लंडनमध्ये, मुख्यतः बॉर्डरलाइन व्यक्तिमत्त्वविकारासाठी विकसित केली.

ही क्षमता बालपणीच्या जिव्हाळ्याच्या नात्यांत घडते, आणि भावना अनावर झाल्या की कोणाचीही ढळते. रांजणगाव एमआयडीसीतली पाळी संपवून शिरूरला निघालेला नवरा फोन उचलत नाही. ‘त्याला माझी किंमतच नाही’ हा विचार बायकोला क्षणात वस्तुस्थिती वाटू लागतो. तो मोटारसायकल चालवत असेल, ही शक्यता मनात शिरतच नाही. बॉर्डरलाइन विकारात असे वारंवार घडते; नाती तुटतात, स्वतःला इजा करण्यापर्यंत मजल जाते. उपचारक अशा वेळी अर्थ लावून देत नाही. तो प्रसंग मागे नेतो आणि खऱ्या कुतूहलाने विचारतो: त्या क्षणी काय वाटलं? त्याच्या मनात आणखी काय असू शकेल? हे कुतूहल हाच पद्धतीचा गाभा होय.

वैयक्तिक व गटातील सत्रे साधारण १८ महिने चालतात. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आत्मइजा आणि आत्महत्येचे प्रयत्न घटलेले आढळले.

पण अशा सत्रांसाठी दौंड-शिरूरच्या मजुराला दर आठवड्याची पुण्याची फेरी म्हणजे बुडालेला रोज. एवढा दीर्घ उपचार त्याला झेपणे कठीण. टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेची १४४१६ ही हेल्पलाइन २०२२पासून मराठीतूनही तातडीचा आधार देते, मात्र ती या उपचाराची जागा घेऊ शकत नाही.