जीर्णोद्धार की जतन? : सोमनाथ मंदिराच्या पुनर्बांधणीतील एक पेच

प्रभास पाटण येथील सोमनाथ मंदिराच्या पुनर्बांधणीची राजकीय बाजू इतिहासलेखनात पुष्कळ चर्चिली गेली आहे. १३ नोव्हेंबर १९४७ रोजी सरदार पटेलांनी केलेली घोषणा, सरकारी निधीऐवजी लोकवर्गणीतून खर्च करण्याचा गांधीजींचा आग्रह, ११ मे १९५१ रोजीच्या प्राणप्रतिष्ठेस राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांनी जाण्यास पंडित नेहरूंचा असलेला विरोध, हे सर्व सुपरिचित आहे. त्या मानाने स्थापत्याची बाजू उपेक्षित राहिली. प्रस्तुत लेखात तिचाच विचार केला आहे.

त्या वेळी जागेवर उभे होते ते बाराव्या शतकातील, चौलुक्य राजा कुमारपाल याच्या काळातील मंदिराचे भग्नावशेष. पुढे त्याचे मशिदीत रूपांतर झाल्याने त्यावर घुमटही चढला होता. म्हणजे मंदिराची उभारणी आणि विध्वंस या दोहोंचा पुरावा एकाच वास्तूत साठला होता. पूजेची परंपरा मात्र अहिल्याबाई होळकर यांनी १७८३ मध्ये जवळच बांधलेल्या मंदिरात चालू होती. पुरातत्त्व खात्याचे मत अवशेष जतन करावेत असे होते. पटेल आणि कन्हैयालाल मुनशी यांना मूळ स्थानी मूर्तिप्रतिष्ठा हवी होती. अखेरीस ऑक्टोबर १९५० मध्ये अवशेष उतरवण्यात आले.

आधुनिक पुरातत्त्वाच्या कसोटीवर ही हानीच होय. परंतु शिल्पशास्त्राची दृष्टी वेगळी आहे. त्या परंपरेत भंगलेले देवालय हे स्मारक नसते. ते उतरवून विधिपूर्वक नवे उभारणे हे पुण्यकर्म, आणि त्यालाच जीर्णोद्धार म्हणतात. स्थपती प्रभाशंकर ओघडभाई सोमपुरा याच परंपरेतले होते. सोमपुरा हे घराण्याचे नावच प्रभासक्षेत्राशी नाते सांगते. ‘दीपार्णव’, ‘क्षीरार्णव’ यांसारखे शिल्पग्रंथ त्यांनी संपादिले. त्यामुळे पीठाचे गजथर, नरथर, त्यावरील मंडोवर आणि शिखर यांची रचना त्यांच्या हाती केवळ जुन्या नमुन्याची नक्कल राहिली नाही. ग्रंथ आणि हातोटी या दोन्हींचा तिला आधार होता. नव्या वास्तूस त्यांनी ‘कैलास महामेरू प्रासाद’ असे शास्त्रोक्त अभिधान दिले. प्राणप्रतिष्ठा झाली तेव्हा शिखर पूर्ण व्हायचे होते. संपूर्ण मंदिराचे लोकार्पण १ डिसेंबर १९९५ रोजी राष्ट्रपती शंकर दयाळ शर्मा यांच्या हस्ते झाले.

या प्रकल्पाने पश्चिम भारतातील पाथरवटीला नवे बळ दिले, असे म्हणावयास हरकत नाही. प्रभाशंकर यांचे नातू चंद्रकांत सोमपुरा यांनी लंडनमधील नीसडन येथील स्वामिनारायण मंदिराचा (१९९५) आणि पुढे अयोध्येतील राममंदिराचा आराखडा केला. तथापि, नीसडनला जागेवर कोणतेही जुने स्मारक नव्हते, सोमनाथला होते. म्हणून ‘परंपरेचे पुनरुज्जीवन’ हे एकच विशेषण दोन्हीकडे सरसकट लावणे प्रस्तुत लेखकास ग्राह्य वाटत नाही.

अवशेष हटल्यामुळेच १९५० मध्ये बी. के. थापर यांना तेथे उत्खनन करता आले आणि त्याखालील अधिक प्राचीन बांधकामाचे पाये उजेडात आले, हेही येथे नोंदवले पाहिजे. मात्र कुमारपालकालीन मंदिराचा अभ्यास आज करावयाचा तर हेन्री कझेन्स यांच्या १९३१ च्या ग्रंथातील आराखडे, जुनी छायाचित्रे आणि प्रभास पाटणच्या संग्रहालयातील सुटे शिल्पखंड यांवरच विसंबावे लागते.