टीकेतून उठलेले भूत

आपल्याकडे भुताच्या गोष्टी सांगतात त्या अंगणातल्या अंधारात, आणि सांगणारी बहुधा घरातली आजी असते. मात्र 2014 पासून देशोदेशींच्या पोरांची झोप उडविणारी एक गोष्ट अमेरिकेतील टेक्सस प्रांतात एका हिरमुसल्या माणसाने एकट्याने रचली. दिवाळीच्या उजेडात ही कथा कशाला, असे वाचक म्हणतील. पण तिचा इतिहास ऐकण्यासारखा आहे.

या माणसाचे नाव स्कॉट कॉथन. संगणकावरचे खेळ तयार करणे हा त्याचा उद्योग, वृत्ती धार्मिक. जॉन बन्यनच्या 1678 मधील प्रसिद्ध यात्रा-रूपकावरही त्याने खेळ केला होता. 2013 च्या सुमारास त्याने मुलांसाठी झाडे लावणाऱ्या आणि लाकूड कापणाऱ्या प्राण्यांचा एक निरुपद्रवी खेळ केला. लोकांनी तो पाहिला आणि नाके मुरडली. 'ही पात्रे जिवंत वाटत नाहीत. यंत्राच्या बाहुल्यांसारखी हलतात, भीती वाटते!' असा एकच सूर निघाला. बिचारा खचला. हा धंदाच सोडावा, असेही त्याच्या मनात आले.

टीका खोटी नव्हती. मासाहिरो मोरी या जपानी शास्त्रज्ञाने 1970 मध्येच लिहून ठेवले होते की, यंत्र माणसासारखे दिसू लागले की आवडते. पण अगदी जवळ येऊन थोडक्यात चुकले की अंगावर काटा येतो. कॉथनने ही चूक झाकली नाही. नकळत एवढे भय वाटते, तर मुद्दाम केले तर काय होईल, असे त्याने मनाशी म्हटले.

त्यातून 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' जन्मला. मुलांच्या एका उपाहारगृहात गाणी म्हणणारी यांत्रिक जनावरे आहेत: अस्वल, ससा, कोंबडी आणि कोल्हा. खेळणारा तिथला रात्रपाळीचा पहारेकरी. बारा ते सहा त्याने खुर्चीवरून हलायचे नाही. कॅमेऱ्यांतून पाहायचे आणि वेळेवर दारे बंद करायची. वीज मात्र मोजकी! ती संपली की अस्वल आलेच. पळायला जागाच नाही, म्हणून भय दुप्पट. गाठीला पैसा नसलेल्या माणसाला हेच सोयीचे होते. थोडी स्थिर चित्रे, थोडे आवाज, बाकी काळोख.

वर्गणीचे आवाहन फसले. तरी ऑगस्ट 2014 मध्ये खेळ निघाला. किंमत जेमतेम पाच डॉलर. खेळणाऱ्यांनी स्वतःच्या किंकाळ्यांसकट चित्रफिती काढल्या आणि ज्यांना खेळायचे धैर्य नव्हते त्यांनी त्या पाहिल्या. भिंतीवरच्या कात्रणांतून लोक मागची खुनाची कथा जुळवीत बसले. वर्षभरात आणखी तीन भाग आले. 2023 मध्ये चित्रपटही निघाला आणि तुफान चालला.

मी शाळामास्तर. एका मुलाच्या निबंधावर मी तांबड्या पेन्सिलीने 'निर्जीव' असा शेरा मारला होता. शेरा खरा होता. परंतु त्यानंतर त्या मुलाने मला कधी काही लिहून दाखविले नाही. कॉथनची हकिकत कळल्यापासून ती वही मला वारंवार आठवते. सगळ्यांच्याच अंगी त्याची चिकाटी नसते. म्हणून यंदा वह्या तपासताना शेऱ्याखाली आणखी एक ओळ लिहितो आहे: 'पुन्हा लिही, मी वाचीन.'