नळीचे माप आणि राज्यकर्त्यांची भीती

शस्त्र विकत घेणारा मनुष्य दुकानात शिरला म्हणजे निवड आपणच करीत आहो असा त्याचा समज असतो. नळी किती लांब असावी, मूठ अक्रोडी लाकडाची असावी की हस्तिदंती, काडतूस कोणत्या मापाचे घ्यावे, हे सारे प्रश्न तो आपल्या आवडीनिवडीवर सोडवू पाहतो. परंतु इतिहास थोडासा उलगडून पाहिला तर ह्या निवडीचा मोठा भाग त्याच्या आधीच कोणी तरी उरकून ठेवलेला असतो असे दिसते. कधी कारखानदाराने, कधी दूरदेशच्या बाजारपेठेने, आणि पुष्कळदा सरकारने. अमेरिकेच्या पश्चिम प्रांतात गाजलेले सहाबारी पिस्तुल आणि वऱ्हाडातील बुलढाणा जिल्हा ह्यांचा एकमेकांशी काय संबंध, असे वाचकांस वाटेल. तो संबंध दाखविणे हाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

सॅम्युएल कोल्ट हा १८६२ साली वारला. त्याच्या कारखान्याने १८७३ मध्ये अमेरिकन सैन्याकरिता जे पिस्तुल पुरविले त्याची रचना अगदी साधी आहे. अंगठ्याने घोडा मागे ओढावा, त्यासरशी सहा घरांची चक्री एका घराने फिरावी, मग चाप दाबावा; पुढच्या बाराला हीच क्रिया पुन्हा. घोडा भरलेल्या काडतुसाच्या बुडावर टेकून राहिला तर धक्क्याने बार उडण्याचे भय असे, म्हणून जाणते लोक सहांपैकी पाचच घरे भरीत व सहावे रिकामे ठेवून त्यावर घोडा उतरवीत. म्हणजे नाव सहाबारी, पण व्यवहार पाच बारांचा! १९४० च्या सुमारास कोल्टच्या कारखान्याने हे पिस्तुल बनविणे बंद केले. पण पुढे बोलपटांनी व दूरचित्रवाणीने गुराख्यांच्या कथांना असा काही बहर आणला की १९५६ मध्ये त्याच कारखान्यास ते पुन्हा सुरू करावे लागले. इटलीतील कारागिरांनीही त्याच्या हुबेहूब प्रतिकृती घडविण्यास आरंभ केला. त्यांतील उबेर्ती ह्या कारखान्याची स्थापना १९५९ ची आहे.

अशी प्रतिकृती घेणाऱ्या अमेरिकन हौशी गृहस्थापुढे पहिला प्रश्न येतो तो मापाचा. मूळ सैनिकी पिस्तुल .४५ इंची होते. त्याची शिशाची गोळी सुमारे २५० ग्रेन वजनाची. ज्यास इतिहासाची निष्ठा राखावयाची तो हेच माप घेतो. दुसरे माप ‘चव्वेचाळीस-चाळीस’ ह्या नावाने प्रसिद्ध आहे. ह्यातील पहिला अंक गोळीच्या मापाचा व दुसरा दारूच्या ग्रेनांचा. १८७३ सालच्याच विंचेस्टर रायफलीचे हे काडतूस. काही वर्षांतच कोल्टने आपले पिस्तुल त्या मापात काढले, आणि मग घोडेस्वारास कमरेच्या पट्ट्यातील एकच काडतूस रायफलीतही घालता येऊ लागले व पिस्तुलातही. जेथून जवळचे दुकान दोन दिवसांच्या मजलीवर, तेथे ह्या सोयीचे मोल केवढे असेल, हे सांगावयास नको. तिसरे माप आधुनिक, १९३५ मध्ये निघालेले .३५७ इंची मॅग्नम. ह्या नळीत धाकटे व स्वस्त असे .३८ चे काडतूसही चालते, कारण नावाने अडतीस असले तरी त्याची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाचीच असते, उलट.३८ च्या पिस्तुलात मात्र थोरले काडतूस घालता येत नाही. काटकसरी मनुष्य बहुधा ह्याच मापाकडे वळतो. तात्पर्य, हौसेच्या निवडीतही शेवटी काडतूस कोठे मिळते व त्यास काय पडते, हाच विचार वरचढ ठरतो.

गोळी जड असावी की हलकी, ह्या वादाचे एक मूळ मात्र आपल्याच देशात सापडते. १८५७ च्या उठावात कित्येक इंग्रज अधिकाऱ्यांजवळ कोल्टची .३६ इंची ‘नेव्ही’ पिस्तुले होती. व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला कर्नल फॉसबेरी ह्याने पुढे एका व्याख्यानात एक हकीगत सांगितली. आपल्या नेमबाजीचा अभिमान बाळगणाऱ्या एका अधिकाऱ्याने चालून येणाऱ्या शिपायावर एकामागून एक गोळ्या झाडल्या, त्या लागल्याही, परंतु शिपाई थांबला नाही आणि त्याच्या तरवारीने अधिकाऱ्याचा प्राण घेतला. हलक्या गोळीवरचा इंग्रजांचा विश्वास उडण्यास अशा कथा कारण झाल्या. अमेरिकनांस हाच धडा फिलिपाईन बेटांत नव्याने शिकावा लागला. १८९२ नंतर त्यांनी सैन्यास .३८ ची पिस्तुले दिली होती. ती तेथे दुबळी ठरली आणि अडगळीत टाकलेली.४५ ची जुनी पिस्तुले पुन्हा बाहेर काढावी लागली.

आता वऱ्हाडाकडे वळू. हल्लीच्या बुलढाणा जिल्ह्यातील साखरखेर्डा येथे १७२४ मध्ये निजामुल्मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला व हैदराबादच्या स्वतंत्र राज्याचा पाया घातला. तोफा, तोड्याच्या बंदुका व तरवारी ह्यांवर ती लढाई लढली गेली. त्या काळी नळीच्या मापावर कोणाचाही निर्बंध नव्हता; लोहार ज्या मापाची नळी ओतील वा ठोकील त्या मापाची गोळी घरी ओतून घ्यावी, हीच रीत. १८५३ च्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. त्यानंतर आठ वर्षांनी अमेरिकेत जे यादवी युद्ध पेटले त्यात कोल्टचे पिस्तुल लाखोंच्या हाती गेले. आणि त्याच युद्धाने अमेरिकन कापसाची वाट अडल्यामुळे वऱ्हाडच्या कापसास सोन्याचा भाव आला. मलकापूर, नांदुरा, शेगाव ह्या गावांवरून आगगाडी धावू लागली. खामगावची कापसाची पेठ इतकी महत्त्वाची झाली की १८७० मध्ये जलंबहून तिच्यापर्यंत लोहमार्गाचा फाटा टाकण्यात आला. एकाच युद्धाचे हे दोन परिणाम! अमेरिकेच्या पश्चिमेकडे निघालेल्या वसाहतवाल्याच्या कमरेस पिस्तुल आले, वऱ्हाडच्या शेतकऱ्याच्या दारी कापसाचा व्यापारी आला. पिस्तुल मात्र वऱ्हाडी शेतकऱ्याच्या वाट्यास आले नाही.

ह्याचे कारण १८७८ चा हत्यारांचा कायदा होय. त्या कायद्याखालील नियमांनी युरोपियनांस परवान्यातून सूट दिली आणि एतद्देशीयांस परवान्याची अट घातली. हा भेद लोकांस इतका झोंबला की १८८७ च्या मद्रास येथील राष्ट्रीय सभेत त्याविरुद्ध ठराव झाला. १९३१ च्या कराची ठरावात तर नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याचा हक्क नागरिकांच्या मूलभूत हक्कांत गणला गेला.

परंतु सरकारची भीती केवळ माणसांपुरती नव्हती, ती मापांपर्यंत पोचली होती. १९०७ मध्ये .४५० इंची रायफली व त्यांची काडतुसे हिंदुस्थानात व सुदानात आणण्यास बंदी झाली. सैन्याच्या जुन्या मार्टिनी-हेन्री बंदुका ह्याच मापाच्या होत्या. शिकाऱ्याच्या काडतुसातील गोळी काढून बंडखोर ती त्या बंदुकांत वापरतील, ही धास्ती. तेव्हा लंडनच्या बंदूकवाल्यांनी काय केले? .४६५, .४७०, .४७५ अशी नवी मापे काढली आणि मोठ्या शिकारीचा धंदा पूर्ववत चालू ठेवला. आज जगभर ज्या मापांचे शिकारी कौतुक करतात त्यांतील कित्येकांचा जन्म गोळीच्या गुणांतून नव्हे, तर हिंदुस्थान सरकारच्या धास्तीतून झाला आहे.

स्वराज्य आल्यावर १९५९ मध्ये नवा कायदा झाला व वंशभेदाचा कलंक पुसला गेला. मापांचे वर्गीकरण मात्र राहिले. सैन्य व पोलीस वापरतात ती मापे निषिद्ध, इतर अनिषिद्ध. पुढे १९८० च्या दशकात परदेशी शस्त्रांची खासगी आयात जवळजवळ बंद पडली. परिणाम असा की सामान्य परवानाधारकास प्रतिकृतीच हवी असेल तर तिची निवड त्याने करावयाची उरलीच नाही. कानपूरच्या सरकारी कारखान्यात होणारे .३२ चे रिव्हॉल्व्हर हे इंग्लंडातील वेब्ली कंपनीच्या जुन्या घाटावर बेतलेले आहे, आणि त्याचे काडतूस १८९६ च्या सुमारास अमेरिकेत स्मिथ आणि वेसन ह्यांनी काढलेले. २०१४ मध्ये स्त्रियांकरिता म्हणून ‘निर्भीक’ नावाने जे हलके पिस्तुल काढले गेले तेही ह्याच मापाचे. हे माप टिकले ते श्रेष्ठ म्हणून नव्हे; कोणत्याही सैन्यास ते नको होते म्हणून टिकले.

पिस्तुल ही शहरी व सधन माणसाची गरज झाली. ग्रामीण बुलढाण्याची गरज निराळी आहे. डोंगराच्या कडेच्या शेतात रोही व रानडुकरे रात्री उतरतात आणि उभे पीक आडवे करतात. १९५९ च्या कायद्याने ह्या गरजेची दखल घेतली आहे. पिकाच्या खऱ्याखुऱ्या रक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना मागितला तर तो द्यावा, असे कायद्याचे कलमच आहे. म्हणजे साखरखेर्ड्याच्या रणापासून फारशी पुढे न गेलेली, तोंडाकडून दारू ठासावयाची बंदूक ही एकविसाव्या शतकातील शेतकऱ्याच्या वाट्याची! शिवाय १९७२ च्या वन्यजीव कायद्यामुळे रोह्यास परवानगीवाचून मारता येत नाही. तेव्हा ती बंदूक बहुधा आवाज करून जनावर हाकलण्याच्याच कामी येते.

आम्ही घरोघर शस्त्रे असावीत अशा मताचे नाही. ज्या देशात शस्त्रे मुबलक आहेत तेथील प्रेतांची गणती वर्तमानपत्रांत नित्य वाचावयास मिळते, आणि २०१९ मध्ये एका परवान्यावरील शस्त्रांची संख्या तीनवरून दोनवर आणली गेली त्याबद्दल आम्हास विषाद वाटत नाही. परंतु नियमन करणे निराळे आणि परक्या सत्तेने आपल्या भीतीपोटी आखलेल्या चौकटीस वारसा म्हणून कवटाळणे निराळे. शस्त्र कोणास द्यावे ह्याचा विचार कसून व्हावा. एकदा द्यावयाचे ठरले म्हणजे ते कोणते, हे त्याच्या कामावरून ठरावे. रोह्याच्या कळपापुढे पहाटेपर्यंत जागणाऱ्या शेतकऱ्याच्या हाती काय असावे, ह्याचे उत्तर मार्टिनी-हेन्रीच्या धास्तीत शोधण्याचे दिवस केव्हाच संपले आहेत.