कुणाचा पठ्ठा, कुणाकडून?

14 जानेवारी 2023. पुण्यात कोथरूडच्या मैदानावर महाराष्ट्र केसरीच्या माती विभागाची शेवटची कुस्ती लागली होती. एका बाजूला महेंद्र गायकवाड, सोलापूर. दुसऱ्या बाजूला सिकंदर शेख, वाशिम. उरलेल्या महाराष्ट्रासाठी ती सोलापूर आणि वाशिमची कुस्ती होती. सोलापूर जिल्ह्यात मात्र शाळकरी पोरालाही माहीत होतं की ही लढत मंगळवेढा तालुका आणि मोहोळ तालुका यांच्यातली आहे. महेंद्र शिरसीचा, सिकंदर मोहोळचा. ऐन सिद्धेश्वर यात्रेचे दिवस होते आणि घरचीच दोन पोरं पुण्यात समोरासमोर उभी होती.

महेंद्रने बाहेरची टांग मारली, पंचांनी चार गुण दिले आणि कुस्ती त्याच्याकडे झुकली. सिकंदरची पाठ खरोखर मातीकडे वळली होती की तो कडेवर पडला, एवढाच प्रश्न होता. पाठ वळली असेल तर गुण जास्त, नसेल तर कमी. या एका क्षणाची चित्रफीत पुढे कित्येक दिवस लोकांच्या मोबाइलवर फिरत राहिली. कुणी ती थांबवून थांबवून पाहत होतं, कुणी गुणांचे नियम पाठ करून सांगत होतं. निकाल बदलला नाही, वादही मिटला नाही.

पण सिकंदर वाशिमकडून का? हा प्रश्न त्या चार गुणांहून जुना आहे. कुठला मल्ल यंदा कुठल्या जिल्ह्याकडून उतरणार, कुणी तालीम बदलली, कोणत्या वस्तादाकडे गेला, दुखापत खरी की जोड टाळण्यासाठी सांगितलेली, ही चर्चा निवड चाचण्या जवळ आल्या की दरवर्षी रंगते. मोहोळच्या स्टँडवर, अकलूजच्या चहाच्या गाड्यावर, सोलापुरात पाणीवेस तालमीच्या बाहेर. कुस्ती पाहणं जेवढं जुनं, तेवढंच हे बोलणंही जुनं. ते कुठून आलं हे शोधायला गेलं की वाट थेट गावच्या फडात जाते.

जत्रेच्या फडात जोड आधी ठरलेली नसे. दुपारी हलगी कडाडली की पहिल्यांदा लहान पोरांच्या कुस्त्या लागत, रेवड्यांवर आणि नारळावर. मग इनाम वाढत जाई. एखादा जवान अंगातला सदरा काढून फडात उतरे. पंच त्याचा हात धरून त्याला गोल फिरवत आणि विचारत, याला जोड आहे का? दुसरा कुणी पुढे आला की दोघांना खांद्याला खांदा लावून उभं करत. मान बघत, मांडी बघत, दुमडलेले कान बघत. ज्याचे कान मोडलेले, त्याने माती पुष्कळ खाल्लेली, हे सगळ्यांना कळे. आणि इथेच भोवती बसलेला माणूस बोलायला लागे. "जोड हलकी आहे!" "ह्याला उचलून आपटंल त्यो!" "लावा, लावा, बरोबरीची हाय!" पंच ते ऐकत. कधी जोड मोडत, कधी दोघांचा हात हातात देऊन सलामी करायला लावत. बघ्याचं मत हा कुस्तीचाच एक भाग होता. आज आपण ज्याला चाहत्यांची चर्चा म्हणतो, तिला त्या फडात अधिकार होता.

जोड लावण्याची ही पद्धत फार मागे जाते. बाराव्या शतकात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या नावावर असलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात मल्लविनोदाचं प्रकरण आहे. मल्लांची वयावरून, बळावरून प्रतवारी, त्यांचा आहार, मेहनत, आखाडा, सगळं त्यात येतं. पंढरपूर-मंगळवेढ्याचा हा मुलूख तेव्हा कल्याणीच्याच छायेत होता. राजा मल्ल पाळतो आणि त्यांच्या जोडी लावतो, ही व्यवस्था त्या ग्रंथात पक्की झालेली दिसते.

राजा मल्ल पाळतो म्हटलं की दुसरा राजा तो पळवतो, हेही आलंच. संस्थानी काळात मल्लांची ये-जा हा दरबारी प्रतिष्ठेचा विषय होता. गामा पैलवान दतियाच्या आश्रयाला होता, पुढे पतियाळाच्या पदरी गेला आणि 1928 साली तिथेच त्याने झिबिस्को या परदेशी मल्लाला काही क्षणांत अस्मान दाखवलं. कोल्हापुरात शाहू महाराजांनी उत्तरेकडचे नामांकित मल्ल आणवले, खासबागचं मैदान बांधलं, 1912 साली ते कुस्तीसाठी खुलं झालं. गंगावेश, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींकडे दूरदूरची पोरं ओढली जाऊ लागली आणि सोलापूर जिल्ह्यातल्या गावागावांत एक नवी बातमी जन्माला आली : अमक्याचा पोरगा कोल्हापूरला गेला. हे वाक्य आजही त्याच अभिमानाने उच्चारलं जातं. सिकंदरही गंगावेश तालमीतच घडला.

बातमी नेणारी माणसं ठरलेली होती. यात्रेसाठी सुट्टी घेऊन गावी आलेला तालमीतला पोरगा हा सगळ्यात भरवशाचा. सांगोल्याच्या जनावरांच्या बाजारात खोंडाच्या भावाबरोबर मल्लाचीही चौकशी होई. शहरात गिरण्या होत्या. सोलापूरची जुनी मिल 1877 ची, तिच्यामागून आणखी आल्या आणि पाळी सुटलेला कामगार पत्रा तालीम, पाणीवेस तालीम, थोरला मंगळवेढा तालीम यांच्या अंगणात येऊन बसू लागला. तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी या सगळ्या बोलींत त्या बैठका रंगत. आज या तालमींची नावं गणेशोत्सवातल्या लेझीममुळे जास्त कानावर पडतात. पण त्यांचं मूळ लाल मातीत आहे, आणि गल्लीचा माणूस तिथे व्यायामापेक्षा जास्त वेळ बोलण्यात घालवत असे, यात कमीपणा नाही. त्या बोलण्यातूनच पोरं घडली. कुणाचा कोणता डाव हुकमी, कोण ढाकेचा बादशहा, कोणाचा घिस्सा सुटत नाही, हे शिकवणारं पुस्तक त्यांच्याकडे नव्हतं.

मग आलं हँडबिल. 'निकाली कुस्त्यांचे जंगी मैदान' असा मथळा, खाली समोरासमोर दोन फेटेवाले फोटो आणि प्रत्येकाच्या नावाखाली गाव, तालीम आणि 'अमुक वस्तादांचा पठ्ठा'. एका चिठोऱ्यावर मल्लाची सगळी वंशावळ. हँडबिल हातात पडलं की अफवांना ऊत येई. मोठी जोड छापली आहे, पण येणार का? की गर्दी जमवायला नाव टाकलंय? आणि सगळ्यात वाईट शंका, कुस्ती नुरा तर नाही? आधीच ठरवून बरोबरीत सोडवायची कुस्ती ही शौकिनाच्या लेखी फसवणूक. फडात दोघं नुसतीच खडाखडी करत राहिले की लोक उठून ओरडत आणि पंचांना कुस्ती रेटून निकाली करावी लागे. अफवेने इथे खेळाची राखणही केली आहे.

संस्थानं गेली. आश्रय देणारे हात बदलले : साखर कारखाने, पोलीस, रेल्वे, लष्कर. 1953 साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद स्थापन झाली, 1961 साली औरंगाबादला पहिली महाराष्ट्र केसरी झाली आणि दिनकर दह्यारी पहिले मानकरी ठरले. मल्लाच्या नावापुढे आता तालमीऐवजी जिल्हा लागू लागला. हा बदल वरवर कागदोपत्री वाटतो, पण शौकिनाच्या बोलण्याचा सगळा रोख त्याने फिरवला. आजवर 'गंगावेशचा की मोतीबागेचा' हा वाद होता, आता 'आपल्या जिल्ह्याचा' ही भावना आली.

सोलापूरला या भावनेचं पहिलं मोठं सुख दिलं ते बोरामणीच्या एका घराने. 1980 साली इस्माईल शेख महाराष्ट्र केसरी झाले, 1992 साली त्यांचे बंधू अप्पालाल शेख आणि 2002 साली त्याच घरातले मुन्नालाल शेख. दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या एका गावात, एका घरात तीन गदा. 2023 च्या त्या वादात काही जणांनी मल्लाचा धर्म ओढून आणला, तेव्हा या जिल्ह्यातल्या जुन्या शौकिनांना ते सहन झालं नाही. कसं होईल? बोरामणीच्या शेखांना हलगीच्या कडकडाटात खांद्यावर घेतलेला हा जिल्हा. फडात माणसाची जात बघायची नाही, जोड बघायची, हा इथला रिवाज आहे आणि तो मोडणाऱ्याला शौकीन म्हणता येत नाही.

जिल्ह्याच्या नावाने अभिमान दिला, तसा एक पेचही दिला. महाराष्ट्र केसरी गटात जिल्ह्याला जागा मोजक्या, आणि सोलापूर, कोल्हापूर, पुण्यासारख्या जिल्ह्यांत तयार मल्ल मात्र भरपूर. निवड चाचणीत दुसरा आलेला पोरगाही राज्यात पहिला येण्याच्या ताकदीचा. त्याने काय करावं? जिथे जागा मोकळी आहे त्या जिल्ह्याकडून उतरावं. करमाळा तालुक्यातल्या खडकीचा बाला रफिक शेख 2018 साली जालन्यात महाराष्ट्र केसरी झाला, तो बुलढाण्याकडून. पुणे जिल्ह्यातल्या राजगुरुनगरजवळचा शिवराज राक्षे 2023 च्या जानेवारीत जिंकला, तो नांदेडकडून. त्याने अंतिम लढतीत मिनिटभरात चीत केलेला महेंद्र गायकवाड आणि तो स्वतः, दोघेही पुण्यातल्या काका पवारांच्याच तालमीतले. एकाच वस्तादाचे दोन पठ्ठे, दोन वेगळ्या जिल्ह्यांच्या नावांनी, एका गदेसाठी.

जगात इतरत्रही हे घडत आलं आहे. अमेरिकेत बेसबॉलचा हंगाम संपला की हिवाळाभर शेकोटीशी बसून कोणता खेळाडू कोणत्या संघात जाणार याची खलबतं चालत. बोस्टनने बेब रूथला न्यूयॉर्क यांकीजला विकल्याची बातमी जानेवारी 1920 मध्ये फुटली, त्याचं दुःख बोस्टनने पिढ्यान्‌पिढ्या उगाळलं. आपल्याकडे आयपीएलमुळे तसा व्यवहार घरोघरी पोचला. नोव्हेंबर 2023 मध्ये हार्दिक पांड्या गुजरातहून मुंबईला परतला तेव्हा सोलापुरातही दुसरा विषय नव्हता, आणि पुढच्याच महिन्यात लिलावात सोलापूरच्या अर्शिन कुलकर्णीचं नाव लखनौने पुकारलं तेव्हा तर अख्खं शहर बोलत होतं. पण तिथे खेळाडूची किंमत जाहीर असते आणि व्यवहार संघमालक करतात. आपल्या मल्लाची अदलाबदल कुणी मालक करत नाही. तो स्वतः जातो, बहुतेक वेळा नाइलाजाने, आणि त्याच्या बदल्यात त्याच्या जिल्ह्याला काहीच मिळत नाही.

म्हणून शौकिनाच्या चर्चेला मी फुकाच्या गप्पा मानत नाही. अधिकृत निकाल 'बुलढाणा' म्हणतो, तेव्हा 'अहो, तो करमाळ्याचा' हे सांगणारा माणूस नोंदीतली उणीव भरून काढत असतो. मोहोळमध्ये हमाली करणाऱ्या सिकंदरच्या बापाने पोराचा खुराक कसा चालवला हे वाशिमच्या नावाखाली कुठे दिसणार होतं? ते लोकांनी एकमेकांना सांगितलं म्हणून राज्याला कळलं. त्याच सिकंदरने नोव्हेंबर 2023 मध्ये फुलगावला शिवराज राक्षेला झोळी डावावर 22 सेकंदांत चीत करून महाराष्ट्र केसरी मिळवली. पाठ टेकली होती की नाही, हा प्रश्नच त्याने शिल्लक ठेवला नाही. आणि मार्च 2025 मध्ये कर्जतला वेताळ शेळकेने माजी विजेत्या पृथ्वीराज पाटीलला हरवून गदा घेतली, तेव्हा त्याच्या नावापुढे सोलापूर होतं.

दोन-दोन संघटना, दोन-दोन महाराष्ट्र केसरी, पंचांवर हात-पाय उगारण्यापर्यंत गेलेले प्रसंग, हे सगळं गेल्या काही वर्षांत झालं आणि शौकीन त्यावर चिडून बोलतात. बोलायलाच हवं. पण स्पर्धा भरवणाऱ्यांकडे एक साधं मागणं आहे, त्याला नियम बदलावे लागत नाहीत आणि पैसाही लागत नाही. जुन्या हँडबिलावर मल्लाच्या नावाखाली गाव असे, तालीम असे, वस्तादाचं नाव असे. मैदानातल्या फलकावर आणि निकालपत्रावर जिल्ह्याच्या शेजारी तेवढ्या तीन गोष्टी पुन्हा छापा.